दोन वेगवेगळे सहाध्यायी

त्या दोघांची पहिली भेट झाली ती अशा ठिकाणी, जिथे चहा मिळत नाही आणि चेहरेही दिसत नाहीत. इतिहासाच्या ऑनलाइन वर्गात ‘आपली ओळख करून द्या’ नावाचं एक पान होतं. सोमवारी सकाळी तिनं तिथे आपली ओळख टाकली आणि दुपारपर्यंत कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे एरवीच्या आयुष्यात व्हायचं तेच झालं. फक्त इथे त्यासाठी पासवर्ड लागला होता.

ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर काम करायची. वय एकतीस. आभाळ आठवडाभर गच्च दाटलेलं. अशा हवेत कपडे वाळत नाहीत आणि माणसंही जरा दमटच राहतात. पहिल्या आठवड्याचं काम होतं, ओळखीबरोबरच जवळची एखादी जुनी वस्तू पुरावा म्हणून मांडणं. तिनं दुकानातल्या तपकिरी कोटाबद्दल लिहिलं. सात वर्षं तो न्यायला कोणी आलं नव्हतं. खिशात नाटकाची दोन तिकिटं होती, न फाडलेली.

चार वाजता उत्तर आलं. फोटोच्या जागी लिफ्टचं बंद दार.

“मी लिफ्ट दुरुस्त करतो. तुमच्याकडे कोट अडकतात, आमच्याकडे माणसं. माणसं निदान बेल तरी दाबतात. उत्तर शंभर शब्दांचं हवं म्हणून आणखी सांगतो, माझा उजवा गुडघा दुखतो. पाऊस येणार असला की आधी त्याला कळतं, मग हवामान खात्याला. शेवटी प्रश्न विचारायचा असा नियम आहे म्हणून विचारतो... दोन तिकिटं होती, तर न आलेलं माणूस कोण असेल?”

तिनं उत्तर दिलं. “न आलेल्यापेक्षा वाट बघणाऱ्याचा विचार करा. आणि गुडघ्याला शेक देता का?”

मंगळवारी त्याचं दुसरं उत्तर, बुधवारी तिसरं. मधल्या काळात गुडघा बरा झाला, पुन्हा बिघडला, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं – तेही कॉलेजच्या सार्वजनिक पानावर, पस्तीस विद्यार्थ्यांच्या समोर. वर्गाच्या बाईंनी खाली शेरा मारला : ‘संवाद उत्तम. दहापैकी दहा.’ आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या लाजण्याला कोणी गुण दिले होते.

“काय गं, यंत्राकडे बघून हसतेस?” खाटेवरून आई म्हणाली. आईला दम्यामुळे बाहेर जाता येत नसे, त्यामुळे तिचं सगळं लक्ष घरातच. “मागणीबिगणी घातली की काय त्यानं?”

“अभ्यास करतेय.”

“असं? मग असा अभ्यास शाळेत का नाही केलास?”

बुधवारी संध्याकाळी तिनं वर्गाची नियमावली पुन्हा काढली. चौदा पानांची. ती जगात दोनच माणसांनी वाचली होती, एक लिहिणाऱ्यानं आणि दुसरी तिनं. कपड्यांच्या आतली बारीक अक्षरातली लेबलं वाचून वाचून तिला ती खोडच लागली होती. नववं पान : ‘शुक्रवारी दुपारी बारापर्यंत किमान दोन वेगवेगळ्या सहाध्यायींना उत्तर देणं आवश्यक. न दिल्यास प्रवेश रद्द.’

तिनं मोजलं. त्याची तीन उत्तरं. तिन्ही तिलाच.

उत्तराच्या चौकटीवरच छापलेले दोन नियम सोडले, तर लिफ्टवाला नियम वाचणाऱ्यांतला नव्हताच. सूचना इतरांसाठी चिकटवायच्या, हा त्याचा धंदा. पण त्याच्या ओळखीत सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. तोही याच शहरातला. इतिहासाच्या एका पेपरसाठी बारा वर्षं पदवी अडलेली. सोमवारी कंपनीत प्रवेशाचा कागद दाखवला की इथल्याच कार्यालयात तपासनिसाची खुर्ची. नाही दाखवला तर लांबच्या धरणावर वर्षभर, त्याच गुडघ्यानं शिड्या चढत.

सांगायला एक ओळ पुरली असती. पण पानावर तिच्या कोटाखालोखाल एका पोहणारीची ओळख होती. ओले केस, उन्हातला फोटो, तीन पदकं. तिनं स्वतः त्या पोहणारीला नियमापुरतं उत्तर देऊन टाकलं होतं, शंभर शब्द मोजून. त्यानंही तसंच दिलं असतं... किंवा तसंच दिलं नसतं.

“त्याला एक सांगायचंय,” ती आईला म्हणाली.

“मग सांग.”

“सांगितलं तर तो दुसऱ्यांशीही बोलेल.”

आई उठून बसली. “अगं, चेहरा पाहिला नाहीस त्याचा, आणि लगेच नवरा करून टाकलास?”

गुरुवारी त्याचं चौथं उत्तर आलं. तिलाच. ते तिनं पाच वेळा वाचलं आणि नियमाचं उद्यावर ढकललं.

शुक्रवारी पावणेबाराला तिनं काउंटरखाली फोन धरून लिहिलं, ‘ताबडतोब आणखी कोणालातरी उत्तर दे.’ पाठवणार, इतक्यात एक गिऱ्हाईक धुऊन नेलेल्या पडद्यावरच्या डागाची तक्रार घेऊन आलं. डाग आधीचा की नंतरचा, यावर वाद झाला. बारा वाजून गेल्यावर तिनं फोन पाहिला. पुढे तिनं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की गिऱ्हाईक आडवं आलं. पण गिऱ्हाईक पडदा तिथेच टाकून चार मिनिटांत गेलं होतं. उरलेली अकरा मिनिटं तिची स्वतःची होती.

लिफ्टचं दार पानावरून गेलं. त्याच्या उत्तरांच्या जागी ओळ आली : ‘हा विद्यार्थी या वर्गात नाही.’ तिचे प्रश्न मात्र तसेच राहिले, भिंतीशी बोलल्यासारखे. गुडघ्याला शेक देता का? रात्री झोप लागली का?

तिनं बाईंना लांबलचक पत्र लिहिलं. चूक माझी, मला माहीत होतं, त्याला परत घ्या. बाईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं : ‘नियम सर्वांना सारखे. ती जागा प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला दिली आहे. तुमचा सहभाग मात्र प्रशंसनीय.’

शनिवारी दुपारी दुकानात एक उंच माणूस आला, किंचित लंगडत. हातात कपडे नव्हते.

“हे पाचवं दुकान,” तो म्हणाला. “चार ठिकाणी सात वर्षांचा जुना कोट आहे का म्हणून विचारलं. एका ठिकाणी विकत द्यायला निघाले होते.”

ती हसली नाही. तिला हसताच येईना.

“सोमवारी निघायचंय,” तो म्हणाला. “म्हटलं, जाण्याआधी एकदा चेहरा तरी बघावा. असला कसला नियम गं? कोणाला माहीत असतं असलं?”

इथे गप्प बसता आलं असतं. बुधवारी जमलं होतं, गुरुवारी जमलं होतं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “बुधवारपासून.”

मागच्या खोलीत इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला.

“मग?”

“ती पोहणारी... तिचा फोटो चांगला होता.”

“कोण पोहणारी?”

त्या प्रश्नानं तिला रडूच कोसळलं. त्यानं तिला रडू दिलं. रुमाल वगैरे काढला नाही. काउंटरवर हात टेकून उभा राहिला.

“मला राग आलाय,” मग तो म्हणाला.

“येणारच.”

“दोन दिवसांत जाणारा नाहीये हा.”

“माहीत आहे... तू मला आवडतोस. बुधवारी हे सांगायचं, नियमाचं सांगायचं, दोन्ही राहिलं. आणि भोगायचंय तुला.”

“मी फोन करेन असं नाही.”

“नको करूस. रविवारी मला सुट्टी असते. धरणापर्यंत तीन तास लागतात, मी बघितलं.”

“पाच. घाटातला रस्ता खचलाय.”

“मग लवकर निघेन.”

“मी भेटायला येईन असंही नाही.”

“मी स्टँडवर बसेन. संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. पुढच्या रविवारी पुन्हा.”

तो वळला, लंगडत दारापर्यंत गेला, बाहेर पडला. काचेपलीकडे रस्ता करडा, आभाळ करडं, त्याचा शर्टही करडा. सगळं एकमेकांत मिसळून गेलं. ती पडद्याच्या डागाकडे बघत राहिली.

दार पुन्हा उघडलं. तो आत आला नाही, नुसतं डोकं घातलं.

“मागे कामाला गेलो होतो तिकडे,” तो म्हणाला, चेहरा तसाच रागावलेला. “स्टँडवर वारा फार असतो. आत कॅन्टीन आहे, तिथे बस.”

आणि गेला.