मावशीचा लाल झगा

सकाळचं ऊन त्या दुकानात दबक्या पावलांनी येई. आधी उंबऱ्यावर टेके, मग रिकाम्या खोक्यांवर, तारांच्या वेटोळ्यांवर रेंगाळत शेवटी जुन्या रंगीत टीव्हीच्या फुगीर काचेपाशी थबके... जणू आत शिरायची परवानगी मागत. दुरुस्ती करणारा तो तरुण हातातला पेचकस तसाच धरून त्याची ही वाटचाल रोज पाहत बसे. उन्हाचा रंग कुणी विचारत नाही, याचं त्याला फार बरं वाटे.

“मेकॅनिकसाहेब, समाधी लागली का?”

ती आली होती. टीव्ही तिच्या आईचा. आईची धाकटी बहीण तरुणपणी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात नाचली होती. गाणी, नकला, जादू, सारं एकाच तासात! पण तेव्हा घरचा टीव्ही काळापांढरा. तिचा लाल झगा सगळ्यांनी करडाच पाहिला. आता मावशी नव्हती. त्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट मात्र हाती लागली होती, आणि आईला तो लाल एकदा डोळे भरून पाहायचा होता.

“आज तयार आहे,” म्हणत त्याने कॅसेट लावली.

जादूगाराच्या टोपीतून कबुतर फडफडत निघालं. पाठोपाठ नर्तकी गिरक्या घेत आल्या. ती खुदकन हसली.

“अहो, मावशी हिरवीगार! आणि झगा शेवाळासारखा. याला तयार म्हणता?”

त्याचे कान तापले. “जुना टीव्ही आहे. पिक्चर ट्यूब—”

“परवाही ट्यूबच होती. त्याआधी अँटेना. कॅसेटला अँटेना कशाला लागते हो?”

आतलं काम त्याने चोख केलं होतं. अडत होतं ते शेवटी रंग जुळवण्यापाशी; ते काम कालपरवापर्यंत त्याचे वडील करत, पण आता ते दुकानात येत नसत.

“हात... काचेजवळ धरता?” तो हळूच म्हणाला. “मावशीचा चेहरा तुमच्या हातासारखा झाला, की थांब म्हणा.”

“आई म्हणतेच, मी मावशीच्या रंगावर गेलेय.”

बटण कणाकणाने फिरू लागलं.

“अजून... अजून जरा... थांबा!”

पडद्यावर काय उमललं, ते त्याने तिच्या चेहऱ्यावर पाहिलं— विलग झालेले ओठ, अडलेला श्वास, आणि काचेवरून मागे यायचं विसरलेला तो हात. देवघरातही कुणाला इतकं निःशब्द झालेलं त्याने पाहिलं नव्हतं.

“केवढा लाल...” ती पुटपुटली. “बघा ना!”

“बघतोय.”

“तुम्ही माझ्याकडे बघताय.”

त्याने मान खाली घातली.

“बरं, टीव्ही आता घरी जाईल,” ती म्हणाली. स्वरातली थट्टा जरा कापरी झाली होती. “मग मी इथं कोणत्या निमित्तानं यायचं? तुम्हीच सांगा.”

गिऱ्हाइकांपासून, वडिलांपासून, स्वतःपासूनही दडवलेलं वाक्य त्याच्या ओठांशी आलं.

“रंग सांगायला,” तो म्हणाला. “मला लाल दिसत नाही.”