डाव्या गालावरचं ऊन

ऊनवाचकाच्या पडद्यावर चौदा नंबरच्या नमुन्याचा आलेख उमटला आणि डॉ. केंकरे हातातला चहा प्यायचं विसरले.

ते परीक्षक म्हणून आले होते. प्रणाली घरत एके काळी त्यांच्या हाताखाली शिकली होती. आज त्यांनी पद्धत मान्य केली, तर वांग आणि उन्हाचे डाग घालवणारा तिचा उपचार माणसांवर सुरू होणार होता. आधी यंत्राने त्वचेतलं ऊन वाचायचं, मग नेमक्या बिघडलेल्या पेशी बदलायच्या. वाचण्यात चूक झाली, तर चांगली त्वचा जाणार.

"मला सामान्य माणसासारखं समजाव," ते म्हणाले.

"ऊन पेशींवर व्रण सोडतं, सर. तिरप्या उन्हाचा वेगळा, माथ्यावरच्या उन्हाचा वेगळा. त्यावरून वेळ कळते. व्रण ठरावीक गतीने विरतात, त्यावरून आठवडा कळतो."

"आणि तारीख?"

"ती माणसाला विचारावी लागते."

ते आलेख वाचू लागले. दर वर्षी आठ महिने कडक ऊन, पावसाळ्यात काही नाही. अशी तीस वर्षं. "मिठागरात काम करणारी बाई," त्यांनी ओळखलं. "खालून मीठही ऊन परतवतं. बिचारीच्या चेहऱ्याचं काय झालं असेल."

प्रणालीला ते ठाऊक होतं. नमुना तिच्या आईचा होता. घरात ती तिला आय म्हणायची, लोकांत आई. पुढे लोकांत बोलावणंच बंद केलं. आयला जाऊन पाच महिने झाले होते.

गुडघे गेल्यावर आयने मिठागर सोडलं. तिथून पुढे चार वर्षं आलेख सपाट होता. शेवटी मात्र एक उंच टोक होतं.

"हे काय?" केंकरे पुढे वाकले. "डिसेंबरचा दुसरा आठवडा. एकच दिवस, दहा ते चार. डावा गाल भाजलेला, उजवा जवळजवळ कोरा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो. म्हणजे बाई सहा तास पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. जागची हललीसुद्धा नाही. काय बघत होती?"

त्यानंतरच्या जानेवारीत प्रणाली गावी गेली, तेव्हा आयच्या एका गालाचं साल निघत होतं. ती चिडून बोलली होती, आता तरी उन्हात बसू नकोस, लोकांना काय दाखवायचं हे तोंड. आय म्हणाली होती, सुकट वाळत घातली होती. त्याच रागात प्रणालीने तिला प्रयोगशाळेत आणून दोन्ही गालांचे नमुने घेतले, उपचार तयार झाला की पहिला तुझ्यावर, असं सांगून. आय हसली होती. "आता उजळून कोनाला दाखवाचंय?"

सुकट वाळवणारी बाई सारखी फिरते. कावळे हाकलते. दोन्ही गालांवर ऊन घेते.

डिसेंबरच्या त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या मैदानावर प्रणालीचं पदवीदान झालं होतं. व्यासपीठ पश्चिमेला. प्रवेशाचे पास असलेले पाहुणे मांडवात, बाकीचे कुंपणाबाहेर, उघड्यावर.

"हा दिवस बाहेरून जुळला तर मी आत्ता सही करतो," केंकरे म्हणाले. "नाही जुळला, तर वर्षभर थांबावं लागेल. बाईंचं कुणी आहे का, विचारायला?"

गप्प राहिलं असतं तर फक्त एक वर्ष गेलं असतं. तिने पडताळणीचा कागद पुढे ओढला आणि लिहिलं. तारीख. विद्यापीठाचं मैदान, कुंपणाबाहेर. साक्षीदाराचं नातं, मुलगी.

केंकऱ्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "अगं, पण त्या दिवशी तुझी आई आजारी होती ना? तूच सांगितलंस मला."

"तुम्हाला आजारी सांगितलं. तिला सांगितलं, पास संपले."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग परीक्षकाला विचारावंच लागतं तसं त्यांनी हळूच विचारलं, "तिला तिथे कुणी पाहिलं होतं?"

"कुणीच नाही," प्रणाली म्हणाली. "पण तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, सर. तुम्ही तिच्यावर बॅग ठेवली होतीत."