मधून कापलेल्या तारा

भाचा दातांचा डॉक्टर होता, तरी सकाळपासून दातओठ खात होता. एक दिवस दवाखाना बंद ठेवून त्यानं मावशीला महिला टेनिस स्पर्धेची पहिली फेरी बघायला आणलं होतं. स्टँड रिकामं पडलं होतं, पण रखवालदार सावलीत बसू देईना. तिकिटावरच्याच खुर्चीत बसा, म्हणे. आणि ती खुर्ची नेमकी रणरणत्या उन्हात होती. त्यात समोरचा सामना संपायचं नाव घेत नव्हता.

एवढ्यात ट्रॅकसूट घातलेला एक आडदांड माणूस त्याच्या नेमका समोर येऊन उभा राहिला.

"चोऱ्यामाऱ्यांचा छडा लावणाऱ्या त्या बाई तुम्हीच ना?" त्यानं मावशीला विचारलं. "माझ्या धाकट्या मुलीच्या पाचही रॅकेटींच्या तारा कुणीतरी कापल्यात. हा सामना संपला की तिचा सामना. जिंकली तर मोठ्या स्पर्धेत थेट जागा आहे. ह्या एका दिवसासाठी आम्ही जिवाचं रान केलंय, बाई!"

"मावशी, आपण खेळ बघायला आलोय," भाचा म्हणाला.

"मग बस बघत," म्हणून मावशी उठली. भाचाही चरफडत उठला.

बापाचा संशय ठाम होता. पात्रता फेरीत हरलेली एक मुलगी राखीव म्हणून बसली होती. कुणी माघार घेतली की तिला जागा मिळणार होती. "सकाळपासून बूट बांधून तयार आहे बघा! बॅग मुलींच्या खोलीत होती. दारावरची बाई मला, बापालासुद्धा, आत सोडत नाही. सरावानंतर आत तिघीच गेल्या. माझ्या दोघी मुली आणि ही राखीव."

रॅकेटींना तारा बसवणाऱ्या कारागिराच्या तंबूत भांडण जुंपलं होतं. समोर तीच राखीव मुलगी उभी होती. तिच्या रॅकेटीची एक तार तुटून लोंबत होती, बाकीच्या जशाच्या तशा होत्या.

"काल तुटली आणि आज आणतेस?" कारागीर करवादला. "एक तुटली की बाकीच्या लगेच मधून कडेपर्यंत कापून टाकायच्या. नाहीतर ताण एका अंगाला बसतो आणि फ्रेम वाकते. किती वेळा सांगायचं?"

"वाकली तर वाकली. कापत कोण बसतंय?"

कारागिरानं छोटी कात्री घेतली आणि त्या तारा कापायला लागला. एकेका तारेला त्याच्या मनगटाच्या शिरा तट्ट फुगत होत्या.

"आणि त्या पाच तू कापल्यास?" मावशीनं राखीव मुलीला सरळच विचारलं.

"मला जागा हवीय, आजी, पण अशी नको. आणि मला राग आला असता ना, तर फ्रेमसुद्धा शिल्लक राहिली नसती."

'आजी' ऐकून मावशीच्या कपाळाला आठी पडली. तिनं टेबलावरच्या पाचातली एक रॅकेट भाच्यापुढे धरली. "काय दिसतं?"

"तारा कापलेल्या दिसतात," भाचा वैतागून म्हणाला. "मधोमध सुरुवात, मग चारी बाजूंनी कडेपर्यंत. फ्रेमला ओरखडाही नाही. असली कात्री प्रत्येकीच्या बॅगेत असणार. यात बघण्यासारखं काय आहे?"

"आहे तेवढं तू सांगितलंस," मावशी म्हणाली.

दोघी बहिणी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मोठी एके काळी स्वतः खेळायची, आता धाकटीला सराव द्यायची. तिनं बाटलीचं झाकण उघडून दिलं, धाकटीनं बाटली डाव्या हातात घेतली. तिच्या उजव्या मनगटावर रुंद पट्टा होता.

"कसली चौकशी करताय?" धाकटी म्हणाली. "एक रॅकेट तयार झाली की मी खेळतेय."

"एका रॅकेटीवर कुणी सामना खेळतं का?" मोठी तिच्यावर खेकसली.

"ताई, तू गप्प बस!"

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. सामना संपला होता, आणि भाच्याचा तोही हुकला. कारागीर नव्यानं तारा बसवलेली रॅकेट घेऊन आला. बापानं ती हिसकावूनच घेतली.

"बाई, नाव सांगा. त्या राखीव मुलीचंच ना?"

"उघड आहे," भाचा म्हणाला. "फायदा तिचाच होता."

"तुझ्या डोक्यात उजेड कधी पडणार रे?" मावशी उसळली. "वैऱ्यानं तारा कापल्या असत्या, तर हाताला येतील तशा कापल्या असत्या. ह्या मधून कडेपर्यंत कापल्यात, फ्रेम वाकू नये म्हणून. आणि राखीव मुलगी तर स्वतःची रॅकेटही कालपासून तशीच घेऊन फिरतेय. ती दुसरीच्या रॅकेटीला एवढं जपेल? ज्यानं हे केलं, त्याला सामना नको होता, पण रॅकेटी हव्या होत्या. म्हणजे माणूस घरचा. बापाला आत सोडत नाहीत. उरल्या दोघी."

"धाकटीनं स्वतःच केलं असेल," भाच्यानं दुसरा अंदाज ठोकला.

"कारागिराचं मनगट पाहिलंस ना? हिला साधं झाकण उघडत नाही, ही पाच रॅकेटी कापणार? दातांचा असलास तरी डॉक्टर ना तू?"

भाच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठीनं मान खाली घातली नाही. "मीच कापल्या. हिचं मनगट सुजलंय, पट्ट्याखाली लपवते. बाबांना सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ घातलीय तिनं मला. मग दुसरं काय करणार होते?"

"मी खेळले असते, ताई," धाकटी रडत म्हणाली.

"मीही खेळले होते. आता केस विंचरायला हात वर जात नाही माझा."

बापानं रॅकेट धाकटीपुढे धरली. "घट्ट धर." तिनं मुठीत घेतली. तोंड वेडंवाकडं झालं तरी तिनं ती सोडली नाही. शेवटी बापानंच तिची बोटं एकेक करून सोडवली.

तो मोठीकडे वळला. "तुझ्या खांद्याच्या वेळी मला कुणी एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी तुला कोर्टावर उतरू दिलं नसतं गं."

"मी सांगितलं होतं, बाबा," मोठी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पहिली फेरी तर खेळ."

भाच्याला तिथून कुठंतरी निघून जावंसं वाटलं. लाउडस्पीकरवर धाकटीचं नाव पुकारलं गेलं.

बाप माघार कळवायला अधिकाऱ्यांच्या खोलीकडे निघाला. चार पावलं गेला आणि परत आला.

"तू चल माझ्याबरोबर," तो मोठीला म्हणाला. "मला एकट्याला सांगता येणार नाही."

मोठी उठून त्याच्याबरोबर गेली.