न वाचायचं पान

भाट्याच्या खाडीजवळ आमचं वाचनालय आहे. जांभ्याच्या दोन खोल्या, आठ-दहा लाकडी खुर्च्या आणि दमट हवेने फुगलेली पुस्तकं. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा गावाने ते माझ्या गळ्यात मारलं. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सगळ्यात खालच्या फळीवर ठेवल्या, वाळवीला सोपं जावं म्हणून.

दुपारी माझी बायको उमा तिथे मोठ्याने वाचायची. डोळे अधू झालेली म्हातारी माणसं ऐकायला येत. तिचा आवाज असा, की पेपर चाळायला येणारे मुसाभाईही पान उलटायचं विसरत. सगळ्यांत पक्के श्रोते चिंतामणीकाका. खिडकीजवळची त्यांची खुर्ची, तपकिरीचा वास, आणि पान संपवून उमा क्षणभर थांबली की फरशीवर काठीचे दोन ठोके. म्हणजे, वाच पुढे.

एका समुद्रकथेची थोडी पानं उरली असताना काका गेले. त्यांची काठी मी स्वतः चितेवर ठेवली.

आमच्याकडे एक रीत आहे. पुस्तक अर्ध्यावर टाकून गेलेल्या माणसाच्या रिकाम्या खुर्चीपुढे उरलेली पानं वाचायची, पण शेवटचं पान न वाचता ठेवायचं. का, ते कुणी सांगत नाही. मला हा शुद्ध खुळचटपणा वाटायचा, पण उमाची काकांवर माया होती.

ती वाचत गेली. शेवटचं पान आलं तसे मुसाभाई उठले. जहाजावर जन्म काढलेला माणूस, पण चेहरा उतरला होता.

“वहिनी, आता बस करा. तो पान ठेवायचा असतो.”

“बंदर समोर दिसतंय, नि त्यांना बोटीत सोडून देऊ होय?” उमा हसली आणि वाचून मोकळी झाली. हसू मलाही आलं.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं, तर काकांच्या खुर्चीपुढच्या टेबलावर एक नवी कादंबरी पहिल्या पानावर उघडी होती. वाऱ्याने पडली असेल, मी म्हणालो. वारा असं नीट मांडून ठेवत नाही, हे मला कळत होतं. उमा स्टुलावर बसली आणि वाचू लागली. तपकिरीचा वास दाटून आला. हाका मारल्या तरी ती थांबेना.

मग रोज तेच. तिचा आवाज घोगरा झाला, फाटला. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, घसा स्वच्छ. मी वाचनालय बंद ठेवलं, तर ती घरी भिंतीकडे तोंड करून, हातात पुस्तक नसताना वाचू लागली. शेवटी तोंडातून नुसती हवा यायची. घास उतरेना. ती डोळ्यांदेखत संपत चालली होती, आणि मी फार घाबरलो होतो.

“सर, आता तुम्ही वाचा,” मुसाभाई म्हणाले. “आणि शेवटचा पान ठेवा. सुटल्या तर वहिनी त्यातच सुटतील.”

अडला हरी! भर दुपारी उमाला धरून वाचनालयात नेलं, माझ्या शेजारी बसवलं आणि त्याच कादंबरीतलं राहिलेलं वाचलं. शेवटच्या पानाशी थांबलो. पुस्तक मिटून छातीशी धरलं.

फरशीवर दोन ठोके.

मुसाभाई तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होते. मी हललो नाही.

पुन्हा दोन ठोके.

मग सगळं शांत झालं. खाडीवरून वारा आला, तपकिरीचा वास विरला. उमाने माझा हात घट्ट दाबला. मला रडू फुटलं.

आणि तिचा आवाज आला. पूर्वीसारखा, स्वच्छ, गोड. शेवटचं पान वाचत होता.

मी आनंदाने वळलो.

उमा दोन्ही हातांनी गळा धरून बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते.

आवाज खिडकीजवळच्या खुर्चीतून येत होता. पान संपल्यावर तिच्या सवयीप्रमाणे तो क्षणभर थांबला, ठोक्यांसाठी.