लिहिणाऱ्याच्या नावाचं कार्ड

सत्त्याहत्तर सालचा वैशाख. सोलापुरात डोक्यावर भाकरी भाजावी असं ऊन, पण गिरणीच्या कॉम्प्युटरच्या खोलीत मायाक्का शाल पांघरून बसायची. "यंत्राला गारवा पायजे, माणूस मेला तरी चालतंय," असं ती पूर्वी हसत म्हणायची. नवरा गेल्यापासून तिनं ते म्हणणं सोडलं होतं.

तिचं काम कार्डांना भोकं पाडायचं. प्रोग्रॅमच्या एका ओळीला एक कार्ड; ती भोकंच यंत्र अक्षरं म्हणून वाचायचं. कामगारांच्या पगाराचा प्रोग्रॅम लिहिला सिद्धारामनं, तिच्याच नवऱ्यानं. विचार करताना कोऱ्या कार्डाचा कोपरा चावायची त्याला खोड. "अवो, पान हाय का त्ये?" ती ओरडायची. त्याच्या चुका तीच धरायची. सुरुवातीचं एक कार्ड लिहिणाऱ्याच्या नावाचं असतं, ते पाडताना तो म्हणाला होता, "निम्मं तुझं हाय की. पुढच्याला तुझंबी नाव घालतो."

"माझ्या नावानं काय चूल पेटणार हाय?"

गेल्या आखाडात तो तापानं गेला. पुढचा प्रोग्रॅम राहूनच गेला.

घरी त्याचा धड फोटोसुद्धा नव्हता. पगाराच्या वेळी छापील कागदाच्या माथ्यावर त्याचं नाव उमटायचं, त्यावरून ती हळूच बोट फिरवायची. जगात त्याचं तेवढंच उरलं होतं.

आणि नेमकं तेच आबासाहेबांच्या, म्हणजे तिथल्या साहेबांच्या, डोळ्यांत खुपलं.

"उद्या मुंबईचे लोक बघायला येणार," ते म्हणाले. "मेलेल्याचं नाव कशाला? माझं घाला."

"सायेब, लिवलंय त्यांनी."

"तो येतोय का विचारायला?"

पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील? तिनं साहेबांच्या नावाचं कार्ड पाडून प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यात घातलं. सिद्धारामचं पदराआड नेलं नि जेवणाच्या डब्यात ठेवलं. साहेबांसमोर ती रडली नाही.

प्रिंटर खडखडला. कागदाच्या माथ्यावर सिद्धाराम.

"बदललंच नाही तुम्ही!" साहेब डाफरले. गठ्ठा उचकला, तर कार्ड त्यांचंच होतं. पुन्हा चालवला.

सिद्धाराम.

मग साहेबांनी स्वतः नवं कार्ड पाडलं, स्वतः घातलं. मायाक्का भिंतीला टेकून उभी राहिली. गारठा वाढल्यागत वाटत होता. प्रिंटर थांबला, आणि जरा वेळानं आपोआप आणखी एक ओळ खडखडली.

साहेबांनी कागद वाचला. कपाळावरचा घाम पुसला, त्या गारठ्यात.

सिद्धाराम. खाली, मायाक्का.

"हे तुम्ही घातलं?"

"न्हाय सायेब. माझ्या नावाचं कार्डच न्हाय."

"राहू दे. आहे तसंच राहू दे." ते दार उघडून उन्हात निघून गेले.

मायाक्कानं कागद छातीशी धरला. आता मात्र ती रडली. "घातलंत व्हय," ती म्हणाली. किती जीव लावावा माणसानं!

नवऱ्याचं कार्ड परत जागेवर ठेवावं म्हणून तिनं डबा उघडला.

कार्ड होतं. तिनं ते खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

एकही भोक नव्हतं. कार्ड कोरं होतं.

कोपऱ्यावर दातांचे व्रण होते. तिनं बोट लावून पाहिलं.

कोपरा ओला होता.