भरतीच्या पाण्याआड

सकाळी कारखान्यात व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या ह्मादला पोलिसांनी नेलं आणि तासाभरात त्याची बायको फाद्मा मत्स्यखात्याच्या कचेरीत शिरली. तिने निरीक्षक महजूबाच्या टेबलावर शिंपल्यांची पाटी उपडी केली. कुजक्या रक्ताचा असा भपकारा सुटला, की महजूबाने नाकाला रुमाल लावला.

"हुंगा, लल्ला, बाईसाहेब! हे खाऊन आमच्या गल्लीतली तीन पोरं दवाखान्यात पडलीत. आणि म्हणे सार्डिन मासळीच्या कारखान्याची घाण माझ्या नवऱ्याने समुद्रात सोडली!"

"घाण सुटताना तू पाहिलीस?"

"काल सूर्य बुडताना, मगरिबच्या बांगेला. समुद्र काठोकाठ भरलेला, त्यावर काळा-लाल तवंग."

"तेव्हा ह्माद कुठे होता?"

"कारखान्यातच, सगळ्यांबरोबर इफ्तारला. हरीरा सूपचा वाडगा तोंडाला लागलेला. कुणालाही विचारा."

महजूबा विचारात पडली. रमजानच्या रोज्याने दिवसभर उपाशी राहिलेला माणूस ऐन त्या क्षणी घाणीच्या नळाचा व्हॉल्व्ह उघडायला कशाला उठेल?

ती बोलावल्या वेळी, सव्वाला, कारखान्यात पोचली. या आठवड्यातल्या तिच्या प्रत्येक खेपेला समुद्रात जाणाऱ्या नळाचं तोंड पाण्याबाहेर उघडं आणि स्वच्छ दिसलं होतं. आजही तसंच होतं.

"या, लल्ला!" इंजिनिअर अनवार हसत म्हणाला. कारखान्याचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. "उद्या मात्र दोनला या. आधी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"सी अनवारसाहेब, व्हॉल्व्ह उघडतो कसा?"

"हाताने, नाहीतर कॉम्प्युटरने. कॉम्प्युटर रोज सकाळी आठलाच उघडतो, धुण्याच्या पाण्यासाठी."

"मग घाण?"

"ह्मादचा आळस. ही माणसं असलीच."

"आज ओहोटी कितीला?"

"सव्वाला," तो पटकन बोलून गेला.

"परवा तुम्ही मला साडेअकराला बोलावलंत, काल साडेबाराला, आज सव्वाला. ओहोटी रोज पुढे सरकते, तशी तुमची निमित्तंही सरकतात. घाण सुटते भरतीला, नळाचं तोंड पाण्याखाली असताना. काल बांगेच्या वेळी सगळ्यांचे हात वाडग्याला होते. तुमचेही. म्हणजे हे काम हाताचं नाही. रोज आठला व्हॉल्व्ह उघड, हे कॉम्प्युटरला कुणीही सांगेल. पण दोन भरत्यांमधलं अंतर साडेबारा तासांना पाच मिनिटं कमी. ते घड्याळाच्या कुठल्याच ठरल्या वेळेत बसत नाही. त्यासाठी मागच्या खेपेपासून मिनिटं मोजायला त्याला शिकवावं लागतं. इथे ते तुमच्याशिवाय कुणाला येतं? दाखवा ते दुसरं काम."

अनवारने पडदा तिच्याकडे वळवला. आठच्या कामाखाली दुसरं काम होतं: सातशे पंचेचाळीस मिनिटं भरली की व्हॉल्व्ह उघड.

"सांडपाण्याची गाळणी बंद पडलीय. मालकाला कळलं असतं तर माझी बढती गेली असती."

"पोरं आजारी पडली, ते ठाऊक होतं?"

"ते लोक नळाजवळचे शिंपले खातात, त्याला मी काय करू? आमच्या घरी नाही खात."

महजूबाने पोलिसांना फोन लावला. "ह्मादला सोडा. आणि इकडे गाडी पाठवा."

तोवर अनवारने खिशातून अत्तराची कुपी काढली आणि शांतपणे मनगटांना लावली. तो गोड वास खोलीभर पसरला, तशी सकाळचा कुजका भपकारा सहन केलेली महजूबा तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली.