अर्धा कोयता

मंगळवार, २१ जानेवारी २०२५. आष्टीत पहाटे कडक थंडी. कडब्याच्या गंजीवर दहिवर. आभाळ स्वच्छ, वारा नाही.

एवढं लिहून मी डायरी पिशवीत टाकली आणि आक्काला घेऊन पुण्याची पहिली गाडी धरली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, छबुबाई. माझी आष्टीत पिठाची गिरणी आहे. शाळा सातवीलाच सुटली, पण रोज अर्धं पान लिहायची सवय सुटली नाही, म्हणून त्या दिवसाचं जे सांगतो ते नीट आठवून सांगतो. दिवा जवळ ओढायची गरज नाही. यातलं सगळं उन्हात घडलं.

काम आनंदाचं होतं. आक्काची मुलगी आरोही बंदर खात्यात इंजिनिअर आहे. कोकणात कातळबंदर म्हणून गाव आहे, तिथं मासळी उतरवायचा नवा धक्का तिच्या देखरेखीखाली झाला. त्या दिवशी पाचच्या सुमाराला पहिली होडी धक्क्याला लागणार होती आणि त्याआधी फीत कापायची होती. आरोहीनं तिच्या साहेबांना सांगून टाकलं होतं, फीत माझी आई कापेल आणि तीही कोयत्यानं. साहेबांनी मान्य केलं, पण होडी दिसेपर्यंत आई पोचली नाही तर आपण कात्रीनं कापून मोकळे होऊ, हेही बजावलं. आरोहीनं दोन विमानाची तिकिटं पाठवली. आमच्या घराण्यात विमानात बसणारी पहिली माणसं आम्ही दोघं.

तो कोयता कसला, ते आधी सांगतो. आक्का आणि आमचे दाजी अंगदराव दर साल ऊसतोडीला जायचे. तोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मागून मोळ्या बांधते. आरोही दोन वर्षांची असताना दाजी भरल्या ट्रॉलीवरून पडले आणि गेले. पुढच्या हंगामाला आक्का त्यांचाच कोयता घेऊन एकटी निघाली. मुकादम विजयसिंह टोळीसमोर म्हणाला, "छबे, तू आता अर्धा कोयता. अर्ध्याचंच काम देईन."

"संध्याकाळी मोज, मंग बोल," आक्का म्हणाली.

संध्याकाळी तिच्या मोळ्या पुऱ्या कोयत्याच्या भरल्या. दुसऱ्या दिवशी तशाच. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, पिळून मोळी बांधतात. आक्काच्या मोळ्यांचा पीळ उलटा असायचा. आमचे दाजी डावरे होते. तोडता तोडता तिनं मोळ्या बांधल्या कधी, हे कुणी पाहिलं नाही. टोळीतल्या बाया तिच्या मागच्या सरीत जाईनाशा झाल्या. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा तिला विचारलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "तोडताना मागं बघायचं न्हाई, तानाजी. बघितलं की थांबंल ते."

त्या अर्ध्या कोयत्यावर पोरगी इंजिनिअर झाली.

पुण्याच्या विमानतळावर कोयता पोत्यात गुंडाळून, सुतळीनं आवळून आम्ही सामानाच्या खिडकीवर ठेवला. तिथल्या पोरानं यंत्रात बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"आजी, हा कोयता आहे?"

"व्हय. भ्यायचं काय त्यात? हाणामारीचा न्हाई, कामाचा हाय."

तो मोठ्या साहेबाला घेऊन आला. साहेब हसला, हातात न्यायचा नाही, खालच्या सामानात जाईल म्हणाला, आणि पोत्याला चिठ्ठी लावली. पुढं तपासणीला आक्काच्या पाटल्या वाजल्या. शिपाईबाईनं विचारलं, "आजी, आणखी काही धारदार?"

"जीभ हाय. ती काढून ठिवू का?"

शिपाईबाईसुद्धा हसली. विमानात आक्का खिडकीशी बसली. खाली ढग आले तेव्हा म्हणाली, "पाचट पेटवल्यावर असाच धूर उठतो बघ." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती.

कोकणातलं ते विमानतळ लहान. चहूकडे काळाकभिन्न कातळ, मधे एक धावपट्टी आणि आपल्या मार्केट यार्डाच्या शेडएवढी इमारत. दीड वाजला होता. ऊन असं की डांबर चकाकत होतं. उतरलेली माणसं सामानाच्या पट्ट्याभोवती उभी राहिली. बॅगा आल्या, ज्याची त्यानं उचलली. पट्टा थांबला. आमचं पोतं आलंच नव्हतं.

तिथं निळ्या कपड्यातली एक मुलगी होती. मी तिला विचारलं.

"काका, ते पोतं? ते तर सगळ्यात आधी आलं," ती म्हणाली. "तुमच्याबरोबरच्या काकांनी नेलं ना."

"आमच्याबरोबर कुणी न्हाई, पोरी."

"डोक्याला टॉवेल बांधलेले… मी चिठ्ठी मागितली, तर त्यांनी आजींकडे हात केला. डावा हात." तिनं आम्हा दोघांकडे बघितलं. "तुम्ही तिघं ना?"

मी आक्काकडे बघितलं. ती काचेतून बाहेर बघत होती. म्हणाली, "चल तानाजी. उशीर व्हतोय."

बाहेर ज्यांना न्यायला गाड्या आल्या होत्या ते सगळे महामार्गाकडे निघून गेले. कातळबंदरच्या बाजूला जाणारी एकही गाडी नव्हती. त्या मुलीनं येऊन सांगितलं, सकाळी उतरणीवर तीन झाडं आडवी पडलीत, तो रस्ता बंद आहे, आणि आता दिवसभर दुसरं विमान नाही. मग ती आणि आणखी चार माणसं एका गाडीत बसून गेली. उरला एक पहारेकरी, तो आतून कडी लावून बसला.

आरोहीला फोन लावला. ती रडकुंडीला आली होती. "मामा, झाडं काढायचं यंत्र उद्या येणार हाय. लांबच्या वाटेनं गाडी पाठवली तर पोचायला तुमाला सहा वाजतील. साहेब न्हाई थांबायचे."

"तू रडू नको," आक्का फोनवर म्हणाली. "मी येते."

आम्ही पायरीवर बसलो. इतकी शांतता मी कुठं ऐकली नाही. पाखरू नाही, माणूस नाही. कातळावर वाळलेलं गवत, तेही हलत नव्हतं. आणि मग मला खाली, उतरणीच्या बाजूनं, आवाज आला. खच्… खच्… खच्. थांबून थांबून. हातातलं काम सरावाचं असलेल्या माणसाचा तो आवाज होता. आमच्या बीडकडचं माणूस कोयत्याचा तो आवाज झोपेतही ओळखतं.

"आक्का…"

"ऐकू येतंय मला."

"कोण असंल?"

तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. "तिकडं बघू नको," एवढंच म्हणाली.

किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. आवाज थांबला. थोड्या वेळानं त्याच वाटेनं एक जुनी जीप वर आली. चालवणारा नाथा म्हणून एक तरुण माणूस, बोलायला मोकळा. "येवा, बसा! तुमीच दोघा ना? खाली एका माणसान गाडी थांबवल्यान माझी. वर दोघा आसत, धक्क्यार पोचव म्हणान सांगल्यान."

"बोलला?" आक्कानं पटकन विचारलं. "तोंडानं बोलला?"

नाथानं मान खाजवली. "तो बोललो काय… हात केल्यान. पण माका सगळा समजला, आजी."

आक्का मागच्या बाकावर एका कडेला अंग चोरून बसली. बाकी बाक रिकामा ठेवला. मी पुढं बसलो. जीप निघाली आणि गाडीत वास भरला. ताज्या तोडलेल्या उसाचा, गोडसर, ओला. त्या मुलखात मैलोन्‌मैल काजू आणि कातळ, उसाचं एक टिपरू नाही. नाथानं दोनदा नाक ओढलं.

उतरणीवर ती जागा आली. झाडं कापून रस्ता मोकळा केलेला होता. बुंधे कडेला सारलेले. फांद्यांच्या मोळ्या करून रस्त्याच्या डाव्या अंगाला एकीला एक लावून ठेवलेल्या, तोडीच्या फडात लावतात तशा. मोळ्या हिरव्या वाढ्यांनी बांधल्या होत्या. पिळाकडे मी बघितलं आणि मान वळवली.

"एकट्या माणसान केल्यान ह्या?" नाथा म्हणाला. वर येताना त्यानं वळसा घातलेली एक फांदी अजून चाकाच्या वाटेत होती. ती उचलायला तो खाली उतरला. फांदी टाकली, पाठ सरळ केली आणि जीपच्या मागं, आम्ही आलो त्या चढाकडे, बघितलं.

तो तसाच उभा राहिला. मला त्याच्या नजरेमागं वळायचं होतं. मानेची शीर दुखायला लागली इतकं वळायचं होतं.

"तानाजी," आक्का मागून म्हणाली, "पुढं बघ."

मी पुढं बघितलं. नाथा गाडीत येऊन बसला. त्यानं समोरचा आरसा खाली वळवला आणि गाडी सोडली. समुद्र दिसला तेव्हा मी दाखवला, तर आक्का म्हणाली, "लई मोठा हाय की रं," आणि रिकाम्या बाकाकडे तोंड करून हळूच पुन्हा तेच म्हणाली, "लई मोठा हाय."

धक्क्यावर गर्दी होती. कोळणींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. साहेबांच्या हातात कात्री होती आणि होडी खाडीच्या तोंडाशी दिसत होती. आरोही गर्दीतून पळत आली, आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आय, मला वाटलं तू येतच न्हाई! कोयता आला तवा जीव भांड्यात पडला."

"कोयता आला?" मी म्हणालो.

"अर्ध्या तासामागं. एक माणूस फितीपाशी ठेवून गेला. मी हाक मारली तर थांबला न्हाई. कोण हो मामा? कुणी आपल्याकडचा वाटत होता. चेहरा ओळखीचा वाटला."

तिच्या घरात बापाचा फोटो नाही. काढलेलाच नव्हता.

फितीच्या खांबाशी कोयता टेकवून ठेवला होता, पोत्याशिवाय. आक्कानं उचलला. पात्यावर टोकाजवळ खाच होती. ती एका हंगामात दगडावर बसून पडली होती. तिनं त्या खाचेवरून अंगठा फिरवला. मुठीवर तळवा ठेवला आणि दचकून काढला, मग पुन्हा ठेवला. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "गरम हाय."

साहेबांनी कात्री खिशात घातली. ध्वनिक्षेपकावर आरोही बोलली. "ही माझी आई. हिला अर्धा कोयता म्हणायचे. या धक्क्याचा प्रत्येक दगड तिनं तोडलेल्या उसाचा आहे." माणसं टाळ्या वाजवायला लागली आणि थांबेचनात. मला पुढचं धड दिसत नव्हतं. माझ्या आष्टीची बाई, लुगड्याचा काष्टा घातलेली, समुद्रापुढं उभी होती. तिनं एका घावात फीत कापली. होडी धक्क्याला लागली.

रात्री आरोहीच्या घरी आक्का भाकरी खाऊन लवकर झोपली. कोयता तिनं दाराच्या आत, उंबऱ्याशी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरून फोन आला, तुमचं पोतं आजच्या विमानानं येतंय. दुपारी परतीच्या विमानाला आम्ही गेलो तेव्हा त्याच निळ्या कपड्यातल्या मुलीनं आमचं पोतं काढून दिलं. ते पुण्याहून निघालंच नव्हतं. आदल्या दिवशी तिथंच राहिलं आणि त्या दिवशीच्या विमानानं आलं. सुतळी आवळलेली होती, चिठ्ठी फाटलेली नव्हती. पोचवायला आलेल्या आरोहीनं तिथंच सुतळी सोडली. आत कोयता होता.

एक कोयता आरोहीच्या कचेरीत भिंतीला टांगलेला आहे, एक आक्काच्या घरी. दोन्हींच्या पात्याला टोकाजवळ, एकाच जागी, सारखीच खाच आहे.